एक चार गळला आणि फराळ अठरा दिवस अडकला: ब्रिटनचा पोस्टकोड आणि फोनचा कोड

गेल्या दिवाळीत आईबाबांनी कोथरूडहून पाठवलेला फराळाचा डबा लंडनला व्यवस्थित आला, विमानातून उतरला, कस्टम्समधून सुटला, आणि माझ्या दारापासून तीन-चार किलोमीटरवर येऊन अडकला तो अडकलाच. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी निघालेला डबा भाऊबीज होऊन दोन दिवस झाले तेव्हा हातात पडला, म्हणजे अठरा दिवस. कुणी चोरला नव्हता, कुणी आळसही केला नव्हता. दोन ठिकाणी गडबड झाली होती, एक पोस्टकोडमध्ये आणि एक फोन नंबरमध्ये, आणि दोन्ही चुका अशा की कुठल्याच कॉम्प्युटरला त्या चुका वाटल्या नाहीत. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून, मडगावहून दर दिवाळीला असे डबे निघतात आणि त्यांच्यावरचा पत्ता बहुतेक वेळा आपल्या आईबाबांच्याच हाताने लिहिलेला असतो, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून ठेवतेय.

आधी दोन गोष्टी. इंग्रजी अक्षरं मी देवनागरीतच लिहिणार आहे, म्हणजे ई१४ म्हणजे इंग्रजी ई आणि पुढे चौदा. माझ्या कोडची शेवटची दोन अक्षरं द्यायची नाहीयेत म्हणून तिथे फुल्या टाकल्यात. आणि खाली जो फोन नंबर येतो तो माझा नाही, ब्रिटनमध्ये ऑफकॉम म्हणून टेलिकॉमची सरकारी नियामक संस्था आहे तिने सिरियल-नाटकांत दाखवायला काही नंबर राखून ठेवलेत, लंडनसाठी ०२० ७९४६ ०००० ते ०९९९, ते कुणालाच दिलेले नसतात, त्यातलाच वापरतेय.

काय झालं

डब्यात चिवडा, चकली, कडबोळी आणि तेलातले शंकरपाळे. तुपाचं-खव्याचं काही नाही, कारण दुधाचे पदार्थ भारतातून इकडे पार्सलने आणायला बंदी आहे आणि ते मी आईला आधीच सांगितलं होतं. बाबा घराजवळच्या कुरियरवाल्याकडे गेले, फॉर्म भरला, काउंटरवरच्या मुलाने तो बघून कॉम्प्युटरमध्ये टाइप केलं, लेबल छापून खोक्यावर चिकटवलं, पावती दिली, आणि बाबांनी सवयीप्रमाणे खोक्याचा फोटो काढून ठेवला. तो फोटो नसता तर पुढचं काहीच कळलं नसतं.

आई म्हणाली डबा निघालाय, आठवड्यात येईल. मी वाट बघत राहिले. नरकचतुर्दशीला सकाळी फोन केला तेव्हा तिने पहिलं हेच विचारलं, "चकली मऊ नाही ना पडली गं?" आणि मला सांगावं लागलं की डबा आलाच नाहीये. मग बाबांनी पावती शोधली, ट्रॅकिंग नंबर पाठवला, तो टाकून बघते तर पार्सल आठ दिवसांपूर्वीच लंडनला आलेलं, ड्रायव्हर ते घेऊन दोनदा निघालेला, दोन्ही वेळा शेरा 'पत्ता सापडला नाही', त्यानंतर 'घेणाऱ्याशी संपर्क होत नाही', आणि त्यापुढे काहीच नाही.

मी तर घरूनच काम करत होते. बिल्डिंगला खाली रिसेप्शन आहे, चोवीस तास माणूस असतो, पार्सलं तोच घेतो, म्हणून मी बाबांना त्या रिसेप्शनचाच लँडलाईन नंबर दिला होता. खाली जाऊन विचारलं, एकही फोन आलेला नाही, एकही व्हॅन परत गेलेली नाही. मग ड्रायव्हर गेला होता कुठे?

खोक्याचा फोटो

फोटो मोठा करून बघितला. त्यात पत्ता दोनदा दिसतो, एक बाबांनी मार्करने खोक्यावर लिहिलेला, दुसरा छापील लेबलवरचा. बाबांच्या अक्षरात ई, एक, चार, चार आणि मग दोन अक्षरं, सगळं एकमेकांना चिकटून, कारण मी व्हॉट्सॲपवर तसंच पाठवलं होतं, मध्ये जागा न सोडता. छापील लेबलवर मात्र होतं ई१ ४××. दोन चारांपैकी एक गळलेला. आणि मध्ये सुटलेली जागा एकदम स्वच्छ, नीटनेटकी, ती कॉम्प्युटरने स्वतःहून सोडलेली होती आणि त्याच्या नियमाप्रमाणे अगदी योग्य ठिकाणी.

खाली फोनच्या रकान्यात ०२० ७९४६ आणि पुढचे चार आकडे, सगळे बरोबर. फक्त त्यांच्या डाव्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं, +९१.

पोस्टकोड मागून वाचायचा

ब्रिटनचा पोस्टकोड शेवटाकडून वाचला की उलगडतो. शेवटचे तीन हा एक स्वतंत्र तुकडा, तो कायम तीनच, आणि कायम आधी एक आकडा मग दोन अक्षरं. त्याच्या आधी जे काही उरतं तो पुढचा तुकडा, तो दोनपासून चारपर्यंत कितीही लांब असतो. बर्मिंगहॅमच्या मध्यावर बी१, लंडनच्या पूर्वेला ई१४, लीड्सला एलएस१, हॅरोला एचए१, आणि लंडनच्या ऐन मध्यात जागा पुरेना म्हणून आकड्यानंतर परत एक अक्षर, पंतप्रधानांचं १० डाउनिंग स्ट्रीट एसडब्ल्यू१ए २एए. म्हणजे पूर्ण कोड कधी पाच, कधी सहा, कधी सात.

कामाची वाटणी अशी की पुढचा तुकडा पत्र कुठल्या भागातल्या कुठल्या वाटप ऑफिसला जायचं ते सांगतो आणि मागचा तुकडा तिथे पोचल्यावर उपयोगी पडतो. पुढची एक किंवा दोन अक्षरं म्हणजे मोठा विभाग, असे विभाग जर्सी, गर्न्सी आणि आयल ऑफ मॅन धरून १२४ आहेत, बहुतेकांची अक्षरं गावाच्या नावातून उचललेली, एलई लेस्टर, एसएल स्लाउ, सीएफ कार्डिफ. त्यांच्यापुढचा आकडा म्हणजे विभागातला जिल्हा म्हणा हवं तर, जागेनंतरचा एकटा आकडा म्हणजे त्यातला पट्टा, आणि शेवटची दोन अक्षरं म्हणजे थेट गल्ली, किंवा गल्लीची एक बाजू, किंवा एकच मोठी इमारत.

आपल्याला हे पटकन लक्षात येत नाही त्याचं कारण आपला पिन. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी माणूस, संस्कृतातले कवी आणि पोस्ट-तार खात्यातले मोठे अधिकारी. सहा आकडे, पहिला आकडा ४ असला की महाराष्ट्र-गोवा-मध्य प्रदेशाची बाजू, पहिल्या तिनांवरून ४११ म्हणजे पुणे, ४०३ म्हणजे गोवा, आणि शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. साधं आणि पक्कं. पण त्याचं काम पोस्टापर्यंत नेणं एवढंच. ४११०३८ लिहिलं की पत्र कोथरूडात येतं, तिथून पुढे सोसायटीचं नाव, 'अमक्या मंगल कार्यालयासमोर' आणि पोस्टमनची ओळख हे काम करतात. अख्ख्या भारताला एकोणीस हजारांच्या आसपास पिन पुरतात. ब्रिटनमध्ये पोस्टकोड आहेत सतरा-अठरा लाख! एका कोडवर सरासरी पंधराएक पत्ते, जास्तीत जास्त शंभर. म्हणजे तिथे कोड आणि घराचा नंबर एवढं असलं की पत्ता झालाच, बाकीच्या ओळी आधाराला, परगण्याचं नाव तर १९९६ पासून रॉयल मेलला, म्हणजे तिथल्या पोस्टाला, लागतही नाही.

आता यातली खाच बघा, आमचा डबा जिच्यात पडला ती. पिनमधला एक आकडा गळला तर पाचच उरतात आणि कुठलाही फॉर्म ते लगेच परत देतो. ब्रिटिश कोड पाचचाही चालतो, सहाचाही चालतो. माझा सहाचा होता, ई१४ ४××. एक चार गळला, राहिले पाच. कॉम्प्युटरने शेवटचे तीन मोजले, ४××, आकडा आणि दोन अक्षरं, एकदम बरोबर. उरलं ई१, तेही बरोबर, ई१ नावाचा भाग लंडनमध्ये आहेच. आणि आमचं नशीब असं की ई१ ४×× हा पूर्ण कोडही खरोखर अस्तित्वात निघाला. मशीनने कुठे थांबायचं होतं? थांबण्यासारखं काही त्याला दिसलंच नाही.

बरं, मी पाठवताना जागा सोडली असती, 'ई चौदा, जागा, चार' असं दिसलं असतं, तर काउंटरवरच्या मुलाच्या डोळ्यांना दोन चार वेगवेगळे दिसले असते. चिकटलेले दोन सारखे आकडे टाइप करताना एक गळणं ही कुणाचीही बोटं करतील अशी गोष्ट आहे, त्या मुलाला मी दोष देणार नाही. पण फॉर्ममध्ये एक सोय असायला हवी होती असं मला ठाम वाटतं. रॉयल मेलकडे सगळ्या पत्त्यांची एक मोठी फाइल असते, कंपन्या ती पैसे देऊन घेतात, इथल्या कुठल्याही दुकानाच्या साईटवर पोस्टकोड टाकला की त्या कोडवरची सगळी घरं यादीत येतात आणि आपण आपलं निवडायचं. पुण्यातल्या त्या फॉर्ममध्ये अशी यादी आली असती तर माझ्या रस्त्याचं नाव त्यात नाही हे बाबांना तिथेच उभ्याउभ्या दिसलं असतं.

ई१ नंतर ई२, पण पुढचं वेगळंच

डबा गेला ई१ च्या चार नंबरच्या पट्ट्यात, म्हणजे स्टेपनी-माइल एंडच्या बाजूला, जिथे क्वीन मेरी युनिव्हर्सिटी आहे. मी राहते ई१४ ला, कॅनरी वार्फच्या उंच इमारतींजवळ. तिकडच्या ड्रायव्हरने माझा रस्ता शोधला, त्याच्या भागात त्या नावाचा रस्ताच नाही, तो परत गेला. व्हॅनचे मार्ग कोडवरून आखलेले असतात, त्यामुळे दोन भाग एवढे जवळ असूनही 'अरे हा तर पलीकडचा पत्ता' असं म्हणणारं कुणी त्या साखळीत नव्हतं.

बाबांना फोनवर समजावत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे ई१ पासून चौदा वॉर्ड सोडून तू राहतेस का?" प्रश्न अगदी रास्त होता आणि उत्तर शोधताना मला फार छान इतिहास सापडला. १८५७-५८ मध्ये रोलंड हिल यांनी, पेनी पोस्ट सुरू करणारे तेच, लंडनचे दिशांवरून दहा भाग केले, ईसी आणि डब्ल्यूसी मध्यातले, मग एन, एनई, ई, एसई, एस, एसडब्ल्यू, डब्ल्यू, एनडब्ल्यू. दहा वर्षांत त्यातले एनई आणि एस मोडीत निघाले, म्हणून आज ती अक्षरं लंडनबाहेर आहेत, एनई न्यूकॅसलला आणि एस शेफिल्डला. आकडे आले ते १९१७ मध्ये. पहिलं महायुद्ध चालू, पोस्टातली जाणती माणसं सैन्यात गेलेली, नव्या लोकांना लंडनचे मोहल्ले पाठ नव्हते, म्हणून प्रत्येक भागातल्या मुख्य ऑफिसला १ दिला आणि बाकीच्या ऑफिसांना त्यांच्या नावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने पुढचे आकडे. अंतराचा काही संबंधच नाही! ई२ बेथनल ग्रीन, ई३ बो, ई४ चिंगफर्ड, ई५ क्लॅप्टन. बो जवळ आहे आणि त्याच्या लगेच पुढच्या आकड्याचं चिंगफर्ड पार शहराच्या टोकाला, एपिंगच्या जंगलापाशी. ई१४ म्हणजे पॉपलर, पी वरून, म्हणून चौदावं. आज कॅनरी वार्फ आहे तिथे तेव्हा बंदर होतं.

हे कळल्यावर मला आपल्या ओळखीचे लंडनचे पत्ते वेगळेच दिसायला लागले. सावरकर राहिले ते हायगेटचं इंडिया हाऊस १९०५ ते १९१० या काळातलं, तेव्हा लंडनचे आकडे यायचे होते, पत्त्याच्या शेवटी नुसता एन. आज तोच भाग एन६, कारण हायबरी एन५ नंतर हायगेट आणि त्यानंतर हॉलोवे एन७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये १० किंग हेन्रीज रोडला राहिले तोपर्यंत आकडे आले होते, ते घर एनडब्ल्यू३ मध्ये येतं, महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं आणि आपल्याकडून येणारे कितीतरी लोक तिथे आवर्जून जातात. आणि महाराष्ट्र मंडळ लंडनची डॉलिस हिलची वास्तू एनडब्ल्यू२.

देशभराचा आजचा कोड त्याच्या बऱ्याच नंतरचा. १९५९ मध्ये पोस्टमास्टर जनरल अर्नेस्ट मार्पल्स यांच्या वेळी नॉर्विच शहरात प्रयोग सुरू झाला, उद्देश मशीनने पत्रं वेगळी करणं. ऑपरेटर कोड टाइप करायचा, मशीन पाकिटावर फॉस्फरचे बारीक ठिपके छापायचं, आणि पुढची मशीनं ते ठिपके वाचून पत्र योग्य खणात टाकायची. देशभर पसरून हे काम १९७४ ला पूर्ण झालं. हाताने लिहिलेलं वाचताना चूक होऊ नये म्हणून एक फार उपयोगी नियम त्यात आहे: शेवटच्या दोन अक्षरांत सी, आय, के, एम, ओ आणि व्ही ही सहा अक्षरं कधीच येत नाहीत, कारण ती आकड्यांसारखी किंवा एकमेकांसारखी दिसतात. म्हणजे शेवटी गोल दिसला तर तो ओ नाहीच. आणि जागेनंतर लगेच गोल दिसला तर तो शून्यच, कारण तिथे आकडाच असतो. बाबांना हा नियम सांगितला तेव्हा ते एकदम खूश झाले, डायरीत लिहून घेतला.

फक्त एक सांभाळा, कोडावरून परगणा किंवा देश ओळखायला जाऊ नका. वेल्समधल्या ॲबरिस्टविथचा कोड एसवाय२३, आणि एसवाय म्हणजे इंग्लंडमधलं श्रूजबरी. बेरिक-अपॉन-ट्वीड इंग्लंडमध्ये आहे पण त्याचा टीडी१५ स्कॉटलंडच्या गॅलाशील्सच्या विभागातला. पत्रांच्या वाटा जशा गेल्या तसा कोड गेला, सरहद्दी त्याने बघितल्या नाहीत.

०२० म्हणजे पुणे की लंडन

आता दुसरी चूक, आणि ही मला पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते कारण पहिली चूक झाली तरी एक फोन लागला असता तर त्याच दिवशी सगळं सुटलं असतं.

पुण्याचा एसटीडी कोड ०२०. लंडनचा एरिया कोडही ०२०. पुण्यात ०२० नंतर आठ आकडे. लंडनमध्येही ०२० नंतर आठ आकडे. बिल्डिंगच्या लेटरहेडचा फोटो मी बाबांना पाठवला त्यावर नंबर होता ०२० ७९४६ वगैरे, देशाचा कोड नाही, कारण लेटरहेड लंडनमध्ये वापरायला छापलेलं. बाबांनी तसाच फॉर्मवर लिहिला. काउंटरवरच्या मुलाने बघितलं, ०२० आणि आठ आकडे, जन्मापासून पाहिलेला आकार, आणि कॉम्प्युटरने देशाचा कोड आधीच +९१ भरून ठेवला होता. तो बदलायचं कुणाच्या मनात येणार? त्यामुळे ड्रायव्हर परत गेल्यावर जे मेसेज आपोआप जायचे ते पुण्याच्या नंबरला गेले, आणि पुण्याच्या ऑफिसने चौकशीसाठी फोन लावला तेव्हा तो पुण्यातल्या पुण्यातच फिरून 'हा नंबर अस्तित्वात नाही' ऐकून आला. त्यांनी लिहिलं, संपर्क होत नाही. त्यांच्या बाजूने ते खरंच होतं.

हे ०२० लंडनला आलं कसं त्याचीही गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये ऑपरेटरशिवाय लांबचा फोन पहिल्यांदा ५ डिसेंबर १९५८ ला लागला, राणी एलिझाबेथनी ब्रिस्टलहून एडिनबराच्या लॉर्ड प्रोव्होस्टना, म्हणजे तिथल्या महापौरांना, स्वतः डायल फिरवून केला. तेव्हा फोनच्या डायलवर आकड्यांबरोबर अक्षरं असायची, २ वर ए-बी-सी, ३ वर डी-ई-एफ असं, आणि गावांचे कोड त्या अक्षरांवरून बनवले. लंडन ०१, आणि बाकी मोठी शहरं पहिल्या अक्षराने: बर्मिंगहॅम बी म्हणून ०२१, एडिनबरा ई म्हणून ०३१, ग्लासगो ०४१, लिव्हरपूल ०५१, मँचेस्टर ०६१. लहान गावांना दोन अक्षरं, स्लाउचं एस-एल म्हणजे ७५, कोड ०७५३. केंब्रिजचं सी-ए, ०२२३. यातलं माझं आवडतं उदाहरण मिल्टन कीन्सचं, तिथे आपली पुष्कळ मराठी मंडळी आहेत. कोड ०१९०८, जुना ०९०८. मिल्टन कीन्सचा एम-आय कुठे आहे यात? नाहीच, कारण हे शहर वसवायचं १९६७ मध्ये ठरलं आणि फोनचा कोड आधीपासून तिथल्या वोल्व्हर्टन गावाचा होता, डब्ल्यू ९ वर, ओ शून्यावर, म्हणून ९०. पोस्टकोड मात्र एमके, नव्या नावाचा. पोस्टाने एका काळात अक्षरं निवडली, टेलिफोनने दुसऱ्या काळात, म्हणून एकावरून दुसरं ताडता येत नाही.

लंडनचे नंबर संपत गेले तसा कोड बदलत गेला. ६ मे १९९० ला ०१ जाऊन मध्याला ०७१ आणि बाहेरच्या भागाला ०८१. १६ एप्रिल १९९५ ला सगळ्या देशातल्या गावांच्या कोडमध्ये शून्यानंतर एक घातला, ०१७१ आणि ०१८१ झाले, आणि लीड्स, शेफिल्ड, नॉटिंगहॅम, लेस्टर, ब्रिस्टल या पाच शहरांना नवेच कोड मिळाले, ०११३ पासून ०११७ पर्यंत. मग २२ एप्रिल २००० ला लंडन पुन्हा एक झालं, कोड ०२० आणि जुन्या नंबरांच्या आधी ७ किंवा ८ लागून आठ आकडे. इथे लोकांची एक सवय अजून सुटलेली नाही, दुकानांच्या पाट्यांवर सुद्धा ०२०७ किंवा ०२०८ असा कोड लिहिलेला दिसतो. कोड ०२० एवढाच आहे, ७ हा नंबराचा पहिला आकडा, आणि २००५ पासून ३ ने सुरू होणारे नंबरही आहेत. आपलं पुणंसुद्धा आधी ०२१२ होतं, जुन्या लग्नपत्रिकांवर सापडेल, नंतर ०२० झालं. दोन्ही शहरं आपापल्या वाटेने एकाच आकड्यावर आली.

देशाबाहेरून लावताना पहिला शून्य गळतो, तो शून्य देशातल्या देशात 'मी गावाबाहेर फोन करतोय' हे सांगायला असतो. म्हणून लंडन +४४ २० आणि पुणे +९१ २०. बऱ्याच ब्रिटिश कार्डांवर +४४ लिहून पुढे कंसात शून्य छापतात, ते आपल्या आईबाबांना पाठवताना कृपा करून काढून टाका, कंसातलं दाबायचं की नाही हे त्यांना कसं कळणार?

आणि मोबाईलचा धोका तर याहून मोठा आहे. ब्रिटनचा मोबाईल ०७ ने सुरू होतो, एकूण अकरा आकडे. शून्य काढला की दहा आकडे, पहिला ७. आपल्या मोबाईलसारखा हुबेहूब! +४४ विसरून ७७०० ने सुरू होणारा नंबर पुण्याच्या फॉर्मवर लिहिला तर कॉम्प्युटर तो आनंदाने घेईल आणि भारतातल्या कुणा अनोळखी माणसाचा फोन वाजेल. मी रिसेप्शनऐवजी स्वतःचा मोबाईल दिला असता तरी हेच होऊ शकलं असतं.

सुटलं कसं

चूक सापडल्यावर मी इथल्या डेपोला फोन केला, ट्रॅकिंग नंबर आणि बरोबर कोड सांगितला, "ई, वन, फोर, मग जागा, मग परत फोर". त्या बाईंनी टाइप केला, यादी आली, माझी बिल्डिंग आली, फ्लॅट निवडला, दोन मिनिटं लागली. पण त्यांच्या नियमाप्रमाणे पत्ता पाठवणाऱ्यानेच बदलायचा, घेणाऱ्याने नाही. म्हणजे परत पुणे. आणि पुण्यात लक्ष्मीपूजन, मग पाडवा, ऑफिस बंद. भाऊबीजेला काउंटर उघडलं तेव्हा बाबा पावती आणि माझा मेसेज घेऊन गेले, त्याच मुलाने पत्ता आणि +४४ दोन्ही दुरुस्त केलं आणि बाबांना म्हणाला, "काका, आता मी इंग्लंडचा पत्ता आला की जागा बघूनच टाइप करीन." दोन दिवसांनी डबा रिसेप्शनवर होता. चकल्या अर्ध्या मोडलेल्या, पण कुरकुरीत होत्या, आणि आईला मी फोनवरच एक खाऊन आवाज ऐकवला.

त्यानंतर मी बाबांना एक पान पाठवलं, ते त्यांनी डायरीत स्वतःच्या अक्षरात उतरवलंय. वर माझा कोड, पुढच्या आणि मागच्या तुकड्यामध्ये बोटभर जागा सोडून. खाली ओळ, 'शेवटून तीन मोजा: आकडा, अक्षर, अक्षर'. त्याखाली सहा अक्षरं लिहून त्यांच्यावर काट. फोनच्या पुढे लाल पेनाने +४४ २०, आणि 'शून्य नाही' याच्याखाली दोन रेघा. संक्रांतीला तिळाच्या वड्या पाठवल्या त्या सहाव्या दिवशी आल्या.

मागच्या महिन्यात बाबांचा फोन आला. शेजारच्या काकूंचा मुलगा स्लाउला असतो, त्याला काहीतरी पाठवायचं होतं आणि काकू चिठ्ठी घेऊन आल्या होत्या. बाबा म्हणाले, "अगं, पुढे एसएल आहे ते बरोबर, जागाही सोडलीय, पण शेवटचं अक्षर ओ लिहिलंय. तो ओ असूच शकत नाही. एकतर डी असणार नाहीतर क्यू. मी त्यांना म्हटलं, कुरियरला जाऊ नका, आधी मुलालाच विचारा." संध्याकाळी त्यांनी परत मेसेज केला. क्यू होता.